वाटेत संपलेले पत्रे

दामूअण्णा कुलकर्ण्यांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात झाली. निफाड, सिन्नर, दिंडोरी आणि शेवटी नाशिक. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, माणसांच्या आयुष्यातले सगळे कागद त्यांच्या टेबलावरून गेले. पण त्यांना मनापासून आवडायचं ते बक्षीसपत्र. खरेदीखताला दोन्ही बाजू एकमेकांवर डोळा ठेवून बसलेल्या असतात. वाटणीपत्राला तर भाऊ भावाकडे बघतही नाही. बक्षीसपत्राच्या दिवशी मात्र आजोबा धुतलेलं धोतर नेसून यायचे, मागून कुणीतरी पेढ्याचा पुडा काढायचं, आणि अण्णा मसुदा मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यातले दोन शब्द आले की त्यांचा आवाज नकळत चढायचा: स्वखुशीने आणि विनामोबदला.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्यातलं १२२ वं कलम बक्षीस म्हणजे काय ते सांगतं. देणाऱ्यानं आपल्या मर्जीनं द्यायचं, बदल्यात काही घ्यायचं नाही, आणि ज्याला दिलं त्यानं ते स्वीकारायचं. स्वीकारलं नाही तर बक्षीस पुरं होत नाही. आणि १२६ वं कलम म्हणतं, की देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा माघारी घेता येईल असं ठरवून दिलेलं बक्षीस हे बक्षीसच नव्हे. इतक्या जुन्या कायद्यानं माणसाचा स्वभाव किती नेमका ओळखला आहे! देताना हात सैल होतो, पण बोटं लगेच मिटायला बघतात.

दिंडोरीला असताना एक आजोबा तावातावानं कचेरीत आले होते. पुतण्याला दोन एकर रान बक्षीस दिलं होतं, दस्त अण्णांच्याच हातून झाला होता. पुतण्यानं त्या रानात द्राक्षाचा मांडव घातला. आजोबांच्या वडिलांपासून तिथं बाजरी होत आली होती. "दस्त मोडा, मला रान माघारी पाहिजे," आजोबांनी टेबलावर हात आपटला. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही रान दिलं होतं की बाजरी दिली होती?" आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि मग टोपी झटकून उठून गेले. हा किस्सा अण्णा पुढं आयुष्यभर सांगत राहिले. घरी त्यांच्या पत्नीला, सुधाकाकूंना, तो तोंडपाठ झाला होता.

निवृत्त झाल्यावर अण्णा गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीचे खजिनदार झाले. तीन इमारती, मधे एक आंबा आणि फाटकाशी पत्र्याची चौकी. त्या चौकीत वीसेक वर्षं एकच माणूस होता. त्याला सगळे बहादूर म्हणत. नेपाळात माओवाद्यांचं युद्ध १९९६ पासून २००६ पर्यंत चाललं. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांतल्या पोरांना एकीकडून बंदूकवाले न्यायला यायचे आणि दुसरीकडून सैन्य शोधत यायचं. त्या दिवसांत घराबाहेर पडलेल्यांपैकी हा एक. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसाचा प्रश्न नव्हता. जाजरकोटहून खाली नेपाळगंज, सीमा ओलांडून रुपईडिहा, बहराइच, लखनौ आणि तिथून रेल्वेनं नाशिकरोड. पहाटे पंप सुरू करायचा, गाड्या पुसायच्या, म्हाताऱ्यांचे सिलिंडर वर न्यायचे, रात्री काठी आपटत फेऱ्या मारायच्या. कोरोनाच्या टाळेबंदीत नेपाळची सीमा बंद झाली तेव्हा तो इथंच अडकला. त्या महिन्यांत दुधाच्या पिशव्या आणि औषधं दारोदार पोचली ती त्याच्याच हातून. दर दिवाळीला प्रत्येक घरातून त्याला पोस्त मिळायची, आणि सगळी पाकिटं तो सुधाकाकूंकडं ठेवायला द्यायचा.

२०२३ साली दसऱ्याला तो गावी गेला. तिकडं दसरा आणि तिहार, म्हणजे आपली दिवाळी, हेच वर्षाचे मोठे सण. ३ नोव्हेंबर, शुक्रवार. मध्यरात्रीला थोडाच अवकाश असताना जाजरकोटच्या डोंगरात भूकंप झाला. नेपाळच्या भूकंप केंद्रानं त्याची तीव्रता ६.४ नोंदवली. ज्यांनी किल्लारीचा भूकंप पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दगडमातीची घरं, झोपलेली माणसं आणि रात्र. जाजरकोट आणि शेजारचा पश्चिम रुकुम मिळून दीडशेहून अधिक माणसं गेली.

सकाळी दूरदर्शनवर बातमी लागली तेव्हा सोसायटीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सुधाकाकू चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, जाजरकोट म्हणजे आपल्या बहादूरचं." फोन लागेना. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला. माणसं वाचली होती. घर बसलं होतं. म्हैस गेली होती.

"साहेब, ड्युटीला यायला उशीर होणार," तो म्हणाला. "दुसरा माणूस ठेवा. पण माझी जागा ठेवा."

पैशाचं त्यानं काही काढलं नाही.

ते सोसायटीनं काढलं, आणि मनापासून काढलं. दिवाळी आठवड्यावर आली होती. पोरांनी फटाक्यांचे पैसे दिले, दोन घरांनी नवा टीव्ही पुढं ढकलला. चार दिवसांत १,०४,००० रुपये जमले. पुढं जे झालं ते या माणसांचं मन लहान होतं म्हणून झालं नाही, एवढं इथं नोंदवून ठेवलं पाहिजे.

समितीची बैठक झाली. पैसे घरासाठी द्यायचे असं ठरलं. हे ठरवताना त्याला फोन करून विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. घर पडलंय म्हणजे घरच हवं असणार, यात विचारायचं काय? समितीतल्या देवरेंनी सुचवलं की घर झालं की त्यावर सोसायटीच्या नावाचा एक छोटा फलक लावून फोटो मागवावा, म्हणजे पोरांनाही समाधान. अण्णांनी व्यवस्था लावून दिली: रक्कम एकदम द्यायची नाही, निम्मी आधी, उरलेली काम बघून. ठेकेदाराला देतात तशी. सगळ्यांनी मान डोलावली.

पहिली अडचण नावाची आली. बँकेला खात्यावरचं पूर्ण नाव लागतं, आणि सोसायटीच्या हजेरीपटावर वीस वर्षं 'बहादूर' एवढंच लिहिलं जात होतं. अण्णांनी फोन करून विचारलं. हर्कबहादुर बुढा. खातं नेपाळगंजला, नेपाळ एसबीआय बँकेत.

त्याचं खातं नेपाळगंजला का, यामागं एक दुखरी गोष्ट आहे. २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं पाचशे-हजारच्या नोटा २५,००० रुपयांपर्यंत नेपाळात न्यायला परवानगी दिली होती. त्याप्रमाणे हर्कबहादुर गावी जाताना थोडे थोडे पैसे नेऊन घरातल्या पेटीत ठेवायचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या नोटा रद्द झाल्या. आपण इथं रांगा लावून बदलून घेतल्या. नेपाळातल्या माणसांना बदलून घ्यायला खिडकीच मिळाली नाही. रीतसर कमावलेला, रीतसर नेलेला पैसा, आणि त्याचं काहीच झालं नाही. इकडं कष्ट करून तिकडं घर चालवणाऱ्या माणसांवर झालेला हा अन्याय आपल्याकडं फारसा कुणी बोलून दाखवत नाही. त्यानंतर हर्कबहादुरनं घरी नोटा ठेवणं बंद केलं आणि जाता-येता ज्या गावातून जावं लागतं तिथल्या बँकेत खातं काढलं.

बँकेतल्या बाईंनी अण्णांना सगळं नीट समजावून सांगितलं. अमेरिकेत किंवा युरोपात नातेवाइकाला भेट पाठवायची तर ए-२ फॉर्म, पॅन, डॉलरचा त्या दिवसाचा भाव, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि ठरावीक रकमेच्या वर गेलं की बँकेनं आधीच कापून घ्यायचा कर. नेपाळचं प्रकरण वेगळं. २००८ पासून रिझर्व्ह बँकेनं नेपाळसाठी वेगळी सोय केली आहे. आपल्या एनईएफटीच्याच वाटेनं रुपये जातात आणि पलीकडं नेपाळी रुपये होऊन हातात पडतात. भावाची चिंता नाही, १९९३ पासून शंभराला एकशे साठ हा दर ठरलेला आहे. सीमेवर लोक आपल्या रुपयाला आयसी म्हणतात, नेपाळी रुपयाला एनसी, आणि भाजीवालीसुद्धा हा हिशेब तोंडी करते. पूर्वी एका वेळी पन्नास हजारच जायचे. २०२१ पासून दोन लाखांपर्यंत जातात.

"म्हणजे तुमचे सगळेच आत्ता जातील," बाई म्हणाल्या.

"नको. ५२,००० पाठवा. बाकीचे काम बघून."

"बरं. कारणाचा रकाना राहिलाय. घरखर्च, कर्जफेड, भेट… काय लिहू?"

अण्णांनी अर्ज स्वतःकडं ओढला, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: भेट.

त्याच संध्याकाळी त्यांनी हर्कबहादुरला फोनवर सूचना दिल्या. पायाचा फोटो, भिंतींचा फोटो, पत्रे चढवल्यावरचा फोटो, सामानाच्या पावत्या जपून ठेवायच्या, फलकाचा मजकूर इथून पाठवू. तो प्रत्येक वाक्याला "हो साहेब" म्हणत होता. खाटेवर बसून दिलेल्या सूचना आणि त्रिपालाखाली उभं राहून दिलेलं "हो" यांत किती अंतर असतं, हे फोनवर कळत नाही.

डिसेंबर निम्मा सरल्यावर फोटो आला. एक उतार, त्यावर निळे त्रिपाल, आणि पाच ठिकाणी बांबूवर टेकवलेले नवे कोरे पत्रे. पाच खोपटी, एकही पुरतं झाकलेलं नाही. बरीच माणसं उभी होती, एका बाईच्या कडेला लहान मूल. हर्कबहादुर सगळ्यांत वर, दोन पत्रे टाकलेल्या आडोशासमोर. घर नव्हतं. पाया नव्हता.

सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो पडला आणि दुपारभर वादळ झालं. "घर कुठंय?" "हे कुणाचे लोक?" "वाटून टाकले वाटतं." शेवटी कुणीतरी लिहिलं, "फसवलं आपल्याला." अण्णांनी फोन लावला. आवाज कचेरीतला होता.

"हर्कबहादुर, पैसे घरासाठी पाठवले होते."

"हो साहेब. पत्रेच घेतले साहेब. नेपाळगंजला पैसे काढले, तिथंच घेतले. तिथं स्वस्त पडतात. ट्रकनं रस्ता संपतो तिथपर्यंत आणले."

"मग?"

"मग वर न्यायचे होते. माझं घर सगळ्यांत वर. डोक्याला पट्टा लावून पाठीवर नेतात साहेब. एकट्याचं काम नाही. गावातली माणसं खाली आली घ्यायला." तो थांबला. "त्यांची पण घरं पडलेली साहेब. सगळ्यांची."

अण्णा ऐकत राहिले.

"वाट त्यांच्या दारावरूनच आहे. पहिलं जेठाकाकांचं. त्यांची सून आठ दिवसांची बाळंतीण, प्लॅस्टिकखाली. रात्री दहिवर पडतं. काकांच्याच पाठीवर माझे पत्रे. त्यांच्या पडलेल्या घरासमोरून त्यांनीच माझे पत्रे घेऊन वर जायचं, असं कसं सांगणार? मी म्हटलं, काका, तुमच्या पाठीवरचे इथंच उतरवा. मग पुढच्या घरापाशी पण तसंच झालं. कुणी मागितले नाहीत साहेब. कुणी एक शब्द बोललं नाही. वर पोचलो तेव्हा दोन राहिले होते."

"आणि बाकीचे?"

"वाटेत संपले."

"अरे, पण ते तुझ्यासाठी होते!" अण्णांचा आवाज चढला.

"माझ्यासाठीच वापरले साहेब," हर्कबहादुर म्हणाला. "मला तिथंच राहायचंय ना."

अण्णांनी फोन ठेवला, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. खरं तर राग आणखी वाढला होता, कारण माणूस खोटं बोलला असता तर उत्तर सोपं होतं. रविवारी सभा होती आणि तिथं हिशेब त्यांनाच द्यायचा होता. कपाटातून फाइल काढून ते जेवणाच्या टेबलावर मांडून बसले: वर्गणीची यादी, बँकेची स्थळप्रत, फोटोची छापील प्रत. पावत्यांच्या जागी रिकामा कागद. ते तोंडानं पुटपुटत होते, घर म्हणून दिले, घर म्हणून दिले होते.

सुधाकाकू समोर बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पैसे दिले होते की घर दिलं होतं?"

अण्णांना वाक्य ओळखायला क्षणभर लागला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ते वाद घालत बसले असते. पण हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, दिंडोरीच्या त्या आजोबांना विचारलेलं. त्यांनी स्थळप्रत पुढं ओढली. कारणाच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरातला शब्द होता. शाई जराही फिकी झाली नव्हती.

त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर जे इतरांना वाचून दाखवलं ते स्वतःवर आलं की किती जड जातं, हे त्यांना या वयात कळत होतं. हर्कबहादुरनं त्यांना फसवलं नव्हतं. पैसे त्याचे झाले त्या क्षणी तो देणारा झाला होता, आणि सोसायटीला राग आला होता तो बहुधा याचाच. आपण ज्याला घेणारा म्हणून पाहत होतो, तोच रस्त्यात उभा राहून वाटतोय. आणि तेही आपल्यासारखं उरलेल्यातून नाही, डोक्यावरच्या छपरातून.

रविवारच्या सभेला गर्दी होती. देवरे आधी बोलले, आणि त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं मुळीच नव्हतं. "आम्ही कष्टाचे पैसे दिलेत," ते म्हणाले. "कशाला वापरले हे विचारायचा हक्क आम्हाला आहे की नाही? उद्या कुणीही यावं, काहीही करावं?" अनेकांनी बाकं वाजवली. खरंच आहे ते. संस्थेला देणगी दिली तर हिशेब मागितलाच पाहिजे. मागितला नाही तर सार्वजनिक पैशाचं काय होतं ते आपण गावोगाव पाहतो. ठेका दिला तर काम मोजून घ्यावं, कर्ज दिलं तर तारीख पाळायला लावावी. पण भेट ही या तिन्हींपैकी काहीच नाही. तिच्यात हिशेबाची सोय नसते म्हणून ती अपुरी ठरत नाही. ज्याला ती सोय हवी आहे त्यानं भेट देऊ नये, सरळ ठेका द्यावा, आणि तसं समोरच्याला आधीच सांगावं.

अण्णा उठले. त्यांनी स्थळप्रत वर धरली.

"कारण म्हणून मी इथं भेट असं लिहिलंय. सही माझी आहे. आणि देताना मी भेटीला हप्ते पाडले, अटी लावल्या, फलक लावायला सांगितलं. एका कागदावर एक लिहून फोनवर दुसरं सांगितलं. तेव्हा जे ५२,००० गेले ते हर्कबहादुरचे. त्याबद्दल त्याला पुन्हा कुणी काही विचारायचं नाही. मी तर नाहीच विचारणार."

"आणि उरलेले?" कुणीतरी विचारलं.

"ते अजून माझ्या खात्यात आहेत, म्हणजे तुमचे आहेत. दिले नाहीत तोवर भेट झालेली नाही. ज्याला आपला वाटा परत हवा असेल त्यानं माझ्याकडून घेऊन जावा. मी कारण विचारणार नाही, मनात ठेवणार नाही. पण जो ठेवील त्यानं असं समजून ठेवावा की यातून घर होईल, म्हैस येईल, का पुन्हा वाटेतच संपतील, हे आपल्याला कळणार नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आवाज सुरू झाले, काही चिडलेले, काही नुसते गोंधळलेले. त्या आठवड्यात नऊ घरांनी पैसे परत नेले. अण्णांनी प्रत्येकाला मोजून दिले, चहा दिला, आणि दारापर्यंत सोडायला गेले. देवरे आले नाहीत. सभेत सगळ्यांत जोरात तेच बोलले होते, म्हणून अण्णांनी स्वतःहून त्यांना गाठलं. देवरे म्हणाले, "राहू द्या अण्णा. मला पटलेलं नाही अजून. पण ते पोर प्लॅस्टिकखाली होतं ना, फोटोतलं. राहू द्या."

४१,५०० रुपये उरले. बँकेत त्याच बाई होत्या. त्यांनी अर्ज पुढं केला आणि अण्णांनी रकाने भरले. या वेळी मधे कुठं थांबले नाहीत. पलीकडं ६६,४०० नेपाळी रुपये पोचतील, असं त्यांनी तोंडीच करून सांगितलं. बाहेर येऊन फोन लावला.

"उरलेले पाठवलेत."

"साहेब, याचं काय करू?" हर्कबहादुरनं विचारलं. एकदा ऐकून घेतलेला माणूस विचारणारच.

"ते मला का विचारतोस?" अण्णा म्हणाले. मग बोलणं तोडल्यासारखं वाटलं असेल म्हणून पुन्हा म्हणाले, "तुला काय करायचंय ते तुला माहीत. थंडी फार आहे का रे तिकडं?"

पावत्या मागण्यात हयात गेलेल्या माणसाला हे दोन प्रश्न एकामागोमाग विचारणं सोपं गेलं नसणार. पण त्यानंतर त्या पैशाबद्दल त्यांनी खरोखरच कधी विचारलं नाही. ग्रुपवर कुणी विषय काढलाच तर ते आपलं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बोलायला लागत.

हर्कबहादुर परत आला नाही. आई थकली होती आणि गावात बांधकामाची कामं निघाली होती. त्याच्या जागी पुढच्या वर्षी तिहार झाल्यावर जेठाकाकांचा धाकटा मुलगा आला, विशीतला, लाजरा. सोसायटीनं हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. मार्गशीर्षात अण्णांच्या नातीचं, रेवाचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि एक चौकोनी घडी त्यानं अण्णांच्या हातात दिली.

"हर्कदाईनं, म्हणजे हर्कदादानं दिलंय. नातीच्या लग्नाला."

आत शंभराच्या पाच नोटा होत्या, मऊ झालेल्या, आपल्या. नेपाळनं डिसेंबर २०१८ पासून शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी घातली होती, त्यामुळे शंभराच्याच होत्या. त्या गोळा करायला किती दिवस लागले असतील कोण जाणे. मुलानं खिशातून रुपयाचं एक नाणं काढून त्यावर ठेवलं. "हे इथून घातलं. दाई म्हणाले, तिकडं वरती एक रुपया घालतात, विसरू नको."

अण्णांचा मुलगा मागंच उभा होता. "बाबा, परत पाठवा ना," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याला इतकी गरज असताना आपण कसं घ्यायचं? यात आपलेच पाच हजार घालून पाठवू."

त्याचा हेतू चांगला होता. दामूअण्णांच्या ओठावरही तेच वाक्य आलं होतं: अरे, तू कशाला. देत राहायची सवय लागलेल्या माणसाला घेणं किती जमत नाही! पण त्यांनी मान हलवली.

"नाही. त्यानं दिलंय. आता घेणं आपल्याकडं."

त्यांनी रेवाला हाक मारली. ती मेंदीचे हात वर धरून आली, म्हणून नोटा त्यांनी तिच्या आईजवळ दिल्या आणि सगळं सांगितलं. सुधाकाकूंनी आहेराची वही काढली. 'हर्कबहादुर बुढा, जाजरकोट, ५०१' असं लिहिलं, आणि खालच्या ओळीत चुलत आतेभावाचा चांदीचा करंडा लिहायला घेतला. रेवा म्हणाली, "आजोबा, याचं मी काय घेऊ?"

"ते तुझे आहेत. तू ठरव."

मग ते फोन घेऊन गॅलरीत गेले. आत वाजंत्री आले होते, त्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"हर्कबहादुर! पोचले रे. रेवाला दिले. तिनं घेतले."

"थोडे आहेत साहेब, तुमचं एवढं मोठं…"

"पोचले म्हटलं ना," अण्णा म्हणाले. "मका कसा झाला यंदा?"

पलीकडून तो मक्याचं सांगू लागला, मग पावसाचं, मग जेठाकाकांच्या नातवाला फुटलेल्या पायांचं. आतून सुनेनं फोटोसाठी हाक मारली. पाहुणे ओळीत उभे राहिले होते. अण्णांनी हातानंच, थांबा जरा, अशी खूण केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.